कडक चाक आणि वेगाचा भास

रोड बाईकच्या, म्हणजे अरुंद चाकांच्या वेगवान सायकलीच्या, टायरच्या बाजूवर, काळ्या रबरावर काळ्याच अक्षरांत, एक ओळ उठवलेली असते. टायर नवा असेल तर बोटाच्या टोकानेही ती वाचता येते. पंचवीस मिलिमीटरच्या टायरवर तिथे बहुधा 'कमाल १२० पीएसआय' अशा अर्थाचं काहीतरी असतं. ती हवेच्या दाबाची मर्यादा आहे. यापुढे हवा भरू नका, एवढंच ती सांगते. पण सायकल घेतली त्या दिवसापासून हा आकडा आपल्या कानावर शिफारस म्हणून पडतो आणि आपणही तो तसाच धरून चालतो. भल्या पहाटे राइडसाठी जमलेल्या घोळक्यात पंप हातोहात फिरत असतो, तेव्हा जरा कान देऊन ऐका. "शंभर झालं का? अजून थोडी मार, आज सिंहगड आहे."

माझं म्हणणं असं, की आपल्यातल्या बहुतेकांच्या चाकात गरजेपेक्षा वीस-तीस पीएसआय हवा जास्त असते. त्याने वेग वाढत नाही, उलट आपल्याकडच्या रस्त्यांवर तो कमी होतो. शिवाय मनगटं, मान आणि कंबर त्याची किंमत मोजतात ती वेगळीच. हे मी इतक्या ठासून सांगते, कारण निव्वळ जास्त हवेमुळे रोड बाईक सोडून दिलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. "आपल्या वयाला ही सायकल झेपत नाही" असं म्हणून त्यांनी ती गॅलरीत टांगून ठेवली. त्यांच्या वयाला काही झालं नव्हतं.

पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून एक हिशेब करून पाहू. स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो धरले, तर मागच्या चाकावर साधारण ४५ किलो येतात. चाकात ८० पीएसआय हवा असेल, तर एवढं वजन पेलायला टायरचा जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने ८ चौरस सेंटिमीटर लागतो. पाच रुपयांची दोन नाणी शेजारी-शेजारी ठेवली की जेवढी जागा होते, तेवढीच. तीच हवा १२० केली की हा तुकडा सव्वापाच चौरस सेंटिमीटरवर येतो. घाट उतरताना वळणावर तुमचा जीव ज्याच्या भरवशावर असतो ते रबर एवढंसं आहे. त्यातलं एक तृतीयांश आपण स्वतःच्या हाताने पंप मारून घालवतो.

"पण चाक कडक असेल तर पळतं ना?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर हवेच्या टायरच्या जन्मातच आहे. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या स्कॉटिश पशुवैद्याने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. खटपट सुरू झाली होती ती मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. तेव्हा चाकांना भरीव रबर असे आणि दगडी रस्त्यावर पोराला गचके बसत. म्हणजे हेतू आरामाचा होता. पण पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, विली ह्यूम हा सायकलपटू बेलफास्टच्या शर्यतींत हवेचे टायर लावून उतरला आणि भरीव टायरवाल्यांना मागे टाकून जिंकला. भरीव रबर हे शक्य तितकं कडक चाक, तरी ते हरलं. आराम आणि वेग हे एकमेकांचे वैरी नाहीत, हे तेव्हाच ठरलं होतं.

पुढे सायकलशर्यतीचं जग हे विसरलं. टायर अरुंद होत गेले. १९८० च्या दशकात वीस मिलिमीटरच्या आतबाहेरचे टायर, त्यांत दगडासारखी हवा, हीच वेगाची खूण झाली. फ्रान्समध्ये वेलोसिओ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही (मृत्यू १९३०) रुंद टायरची बाजू आयुष्यभर मांडत राहिले, पण शर्यतवाल्यांनी त्यांचं ऐकलं नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत काटा परत फिरला. २३ चे २५ झाले, २५ चे २८. आता टूर द फ्रान्समध्येही अठ्ठावीस-तीसचे टायर दिसतात आणि पॅरिस-रुबे या शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर त्याहून रुंद. आपल्याकडे पोस्टमन आणि दूधवाले जी काळी सायकल चालवत, तिचा टायर अठ्ठावीस बाय दीड इंचाचा, म्हणजे जवळजवळ चाळीस मिलिमीटर रुंद. खडीच्या रस्त्यासाठी ती रुंदी नेमकी होती. त्या टायरला 'टाईट हवा' म्हणजे पन्नासेक पीएसआय. तोच शब्द आपण पंचवीसच्या टायरला लावला आणि थेट एकशेदहावर जाऊन पोचलो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. चाक फिरताना ऊर्जा दोन ठिकाणी वाया जाते. एक टायरच्या आत. जमिनीला टेकताना रबर दबतं, सुटताना पूर्ववत होतं, आणि दर खेपेला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हवा वाढवली की दबणं कमी होतं आणि हा तोटाही घटतो. कारखान्यात गुळगुळीत लोखंडी ड्रमवर टायर फिरवून पाहिला तर म्हणूनच कडक टायर नेहमी सरस ठरतो. इतकी वर्षं सगळे तेवढ्यावरच विसंबून होते. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो, आणि दुसरा तोटा होतो तो माणसाच्या अंगात. खडबडीत रस्त्यावर कडक चाक खडीच्या दाण्यादाण्यावर उचललं जातं. ते सायकलीला उचलतं आणि सायकल आपल्याला. आपल्या मांड्या, दंड, पोट, सगळं थरथरतं. ती थरथर अंगात जिरते आणि तिची भरपाई पायांना पॅडल मारून करावी लागते. सिअ‍ॅटलच्या यान हाइने यांनी आपल्या 'बायसिकल क्वार्टरली' या नियतकालिकासाठी याची थेट चाचणी केली. हमरस्त्याच्या कडेला झोपाळू चालकांना जागं करायला पट्टे खोदलेले असतात, त्या पट्ट्यांवरून आणि शेजारच्या सपाट डांबरावरून सारख्याच वेगाने सायकल चालवून किती ताकद लागते ते मोजलं. फरक प्रचंड निघाला. आपल्या घाटांत वळणाआधी पांढरे रम्बलर असतात, त्यांवरून पॅडल मारत गेलेल्या कोणालाही हे पॉवर मीटरशिवाय, म्हणजे पायांची ताकद मोजणाऱ्या यंत्राशिवाय, पटेल. सायकल जणू मागून कोणीतरी धरल्यासारखी अडते.

हे दोन तोटे एकत्र मांडले की जे चित्र दिसतं, ते मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कमी हवेकडून जास्तीकडे जाताना तोटा हळूहळू, अगदी सावकाश घटतो. मग एक टप्पा येतो, आणि त्यापुढे तो झपाट्याने वाढायला लागतो. रस्ता जितका खराब, तितका हा टप्पा खालच्या आकड्यावर. म्हणजे योग्य आकड्यापेक्षा पाच पीएसआय कमी राहिले तर नुकसान नावापुरतं, पण पंधरा-वीस जास्त झाले तर चांगलंच. शंका असेल तेव्हा खालच्या बाजूला राहा, असं मी म्हणते ते या आलेखाच्या जोरावर.

तरीही लोकांना पटत नाही, आणि का पटत नाही तेही मला समजतं. कडक चाकावर हँडल सतत झणझणतं, रस्ता आवाज करतो, सायकल चपळ वाटते. तीच सायकल, तोच रस्ता, तोच वेग, पण हवा कमी केली की सगळं शांत होतं आणि आपण मंद झालो असं वाटायला लागतं. शरीर थरथरीला वेग समजतं. कोणाला पटवायचं असेल तर मी एकच करायला सांगते. वारा नसलेल्या सकाळी एखाद्या ओळखीच्या उतारावर जा, जिथे डांबर नेहमीसारखं ओबडधोबड आहे. एकाच जागेवरून, पॅडल न मारता, बसण्याची ढब तीच ठेवून सायकल सोडून द्या आणि ती थांबते तिथे कडेला दगड ठेवा. मग दोन्ही चाकांतली हवा दहाने उतरवा आणि पुन्हा सोडा. रहदारी नसलेला आणि पुढे हलका चढ असलेला रस्ता निवडा, म्हणजे सायकल आपोआप थांबेल. भासापेक्षा रस्त्याच्या कडेला ठेवलेला दगड जास्त खरं बोलतो.

माझ्या भाचीची गोष्ट सांगते. वजन सत्तेचाळीस किलो. नोकरी लागल्यावर तिने हौसेने रोड बाईक घेतली. मुळशीच्या बाजूला एक चक्कर मारून आली ती हात झटकतच.

"मावशी, ही सायकल माझ्यासाठी नाहीये बहुतेक. बोटांना मुंग्या येतात. मान तर विचारूच नकोस."

"चाकात हवा किती आहे?"

"दुकानात भरून दिली ना त्यांनी. चांगली टाईट."

गेज लावलं. पंचवीसच्या टायरमध्ये १०८. नव्वद किलोच्या माणसाला भरली असती तेवढीच हवा त्या दुकानाने सत्तेचाळीस किलोच्या मुलीला भरून दिली होती, आणि वर जेलचे ग्लोव्ह्ज घेण्याचा सल्ला दिला होता. मी मागचं चाक ६८ वर आणलं, पुढचं ६४ वर. व्हॉलमधून हवा फुसफुसत बाहेर जात होती तेव्हा ती काळजीने बघत होती. "इतकी कमी? पंक्चर नाही होणार?" पुढच्या रविवारी ती त्याच रस्त्याने जाऊन आली. आल्या आल्या विचारते, "मावशी, मधला तो पट्टा नव्याने केलाय का गं त्यांनी?"

मला याचा खरंच राग येतो. ज्यांचं वजन कमी, त्यांना जास्त हवेचा त्रास सगळ्यात जास्त, आणि दुकानांतला ठरलेला आकडा नेमका त्यांनाच सगळ्यात चुकीचा. बायका, शाळा-कॉलेजातली मुलं, सडपातळ ज्येष्ठ. यांनाच मग सांगितलं जातं की सवय नाही, ताकद नाही, हळूहळू जमेल. सायकल विकणाऱ्याने ग्राहकाची उंची विचारावी तसं वजनही विचारावं. दोन मिनिटांचं काम आहे.

मग आकडा ठरवायचा कसा? माझ्या वापरातले आकडे सांगते, सुरुवात करायला. स्वार, सायकल, पाणी मिळून ८० किलो, ट्यूबवाला २८ चा टायर, आपला सर्वसाधारण डांबरी रस्ता: मागे ७०, पुढे ६५. टायर २५ चा असेल तर ८५ आणि ८०. बत्तीसचा असेल तर ५५ आणि ५०. एकूण वजन दहा टक्के कमी-जास्त झालं तर हवाही जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी-जास्त. पुढच्या चाकावर भार कमी असतो म्हणून तिथे हवा कमी. दोन्ही चाकांत सारखी हवा भरण्याला मला तरी काही कारण दिसत नाही. रुंद टायरला हवा कमी का, तर त्याच दाबाला रुंद टायरच्या कापडावर ताण जास्त येतो. म्हणजे ३२ चा टायर ८० पीएसआयला २५ च्या टायरपेक्षा कितीतरी कडक लागतो. आणखी एक, टायरवर छापलेली रुंदी खरीच असते असं नाही. हल्लीच्या रुंद रिमवर २८ चा टायर तीसच्या आसपास भरतो. व्हर्निअर कॅलिपर लावून मोजा आणि मोजलेली रुंदी धरा.

आकड्यांवर विश्वास नसेल त्यांच्यासाठी अमेरिकेतले फ्रँक बेर्टो यांनी एक मापनच देऊन ठेवलंय. आपण बसल्यावर टायरची उंची पंधरा टक्क्यांनी दबावी, एवढी हवा. अठ्ठावीसच्या टायरला हे होतात चार मिलिमीटर. घरी करून बघण्यासारखं आहे. सायकल भिंतीला समांतर उभी करायची, फरशीपासून रिमच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर कोणीतरी पोटावर झोपून पट्टीने मोजायचं. मग आपण कोपर भिंतीला टेकवून, पॅडल आडवे ठेवून, हात ड्रॉपच्या (हँडलच्या खाली वळलेल्या भागाच्या) वर नेहमीच्या जागी ठेवून बसायचं आणि पुन्हा मोजायचं. टायर खाली किंचित बाहेर फुगलेला दिसतो. बेर्टोंच्या मापाने जो आकडा येतो त्याच्या थोडं खाली मी राहते, कारण आपले रस्ते.

आकडा ठरला तरी तो मोजायचा कशावर, हीही एक भानगड आहे. अंगठ्याने दाबून बघण्याची पद्धत इथे निरुपयोगी. ७० आणि १०० यांतला फरक अंगठ्याला कळत नाही, दोन्ही दगडच लागतात. पंपावरचं गेज पाच-सात पीएसआयने चुकतं, आणि प्रेस्टा व्हॉलला (रोड बाईकच्या ट्यूबचा बारीक, लांबट व्हॉल) पंप नुसता जोडला की काटा शून्याजवळच राहतो. एक दट्ट्या मारून व्हॉल उघडेपर्यंत आत किती हवा आहे ते त्याला समजतच नाही. पंप काढताना जो 'फस्' आवाज येतो तो मुख्यतः नळीतल्या हवेचा असतो, त्याने घाबरून वर पाच जास्त भरायची गरज नाही. माझ्या मते एक साधं डिजिटल गेज घ्यावं आणि कायम तेच वापरावं. ते दोन पीएसआयने चुकत असेना, रोज सारखंच चुकलं की झालं. ट्यूबमधून हवा आपोआप झिरपत असते, त्यामुळे आठवडाभर उभी राहिलेली सायकल न मोजता बाहेर काढू नये.

ऊन हाही विषय आहे. जानेवारीत पहाटे १५ अंशांत ८० पीएसआय भरून निघालात आणि दुपारी ३५ अंशांत परतत असाल, तर चाकात ८६-८७ झालेले असतात, एक दट्ट्याही न मारता. एप्रिल-मेमध्ये मी म्हणूनच सकाळी चार-पाच कमीच भरते. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला चढलं की बाहेरची हवा विरळ होऊन काटा दोनेक पीएसआय वर जातो. तेवढ्याची चिंता नको.

लांबच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, जाणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत, ६०० ला चाळीस. एवढा वेळ खोगिरावर काढायचा तर थरथरीचा हिशेब दर तासाला वाढत जातो. सोबत पितळी अडॅप्टर ठेवाच, कारण हायवेवरच्या पंक्चरच्या टपरीत कॉम्प्रेसरचं तोंड मोटारीच्या व्हॉलचं असतं, प्रेस्टाला ते बसत नाही. आणि त्या कॉम्प्रेसरपासून सांभाळून. अठ्ठावीसच्या टायरमध्ये जेमतेम सव्वा-दीड लिटर जागा असते. ट्रकची चाकं भरणाऱ्या यंत्राला ती भरायला एक क्षण पुरतो. "दादा, थोडी थोडी, थांबत थांबत" असं सांगून गेज स्वतःच्या हातात ठेवावं. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवायला आतून कड नसलेली, असेल तर आणखी कडक नियम आहे. ७२.५ पीएसआय, म्हणजे ५ बार, ही त्या रिमची कमाल मर्यादा. टायरवर काहीही छापलेलं असो, दोहोंतला लहान आकडा पाळायचा.

खाली किती जायचं त्यालाही हद्द आहे. ट्यूबवर खड्ड्याची धार बसली की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब दोन्हींच्या मध्ये चिमटीत सापडते. तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. अशी जोडभोकं दिसली की हवा कमी होती असं समजावं आणि तीन-चार पीएसआय वाढवावेत. उभं राहून चढ चढताना सायकल खालीवर झोके घेत असेल, किंवा वळणावर मागचं चाक अंगाखालून सरकल्यासारखं वाटत असेल, तरीही. उलट, खरबरीत वळणावर चाक टणाटण उडत बाहेर जात असेल, किंवा सिंहगडाच्या तीव्र चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरत असेल, तर हवा अजून जास्तच आहे.

राहता राहिला पावसाळा, आणि तिथे माझं अजून पूर्ण ठरलेलं नाही. ओल्या रस्त्यावर पकड हवी म्हणून पाच पीएसआय उतरवावेत, असा सगळीकडे सल्ला असतो. तो चुकीचा नाही. पण ज्यांनी तो दिला त्यांच्या रस्त्यावर पाण्याखाली काय असतं ते पाण्यावरून कळतं. जुलैत शहरातल्या डबक्याखाली पेव्हर ब्लॉकची उखडलेली कड असू शकते, उघडं चेंबरही. ती आधी दिसत नाही, त्यामुळे आपण खोगिरावरून उठून अंग हलकं करत नाही आणि धडक सरळ ट्यूबवर बसते. म्हणून शहरात मी हवा उतरवत नाही, वेग उतरवते. कात्रजच्या जुन्या घाटासारख्या वळणावळणांच्या आणि ओळखीच्या रस्त्यावर मात्र पाच उतरवते, पुढच्या चाकात तर आवर्जून. ट्यूबलेस टायर घेतले तर ट्यूब चिमटण्याची भीती जाते आणि हा पेच बराच सुटतो, पण रिमला पोचा यायचा धोका तसाच राहतो, आणि सीलंटची (टायरमधली भोकं बुजवणाऱ्या द्रवाची) उस्तवार मागे लागते. तुमच्यापैकी कोणी दोन-तीन पावसाळे ट्यूबलेसवर काढले असतील, तर किती हवेवर काढले ते मला जरूर सांगा. वजन आणि टायरची रुंदीही लिहा, नुसत्या आकड्याचा उपयोग नाही.